पिकअपमधला थर्मास

हसायचं तर हसा, पण आधी एवढं कबूल करा: माझ्या जागी तुम्ही असता, तर तुम्हीही भडकलाच असता.

मी जळकोटचा. तेव्हा निजाम जाऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. चैत्रात मी मिलिटरीनं लिलावात काढलेली जुनी पिकअप घेतली. ती कुठल्यातरी थंड मुलखातून आलेली असावी, कारण आत पायापाशी पत्र्याची एक पेटी होती. हीटर म्हणे. कळ फिरवली की गरम हवा येते. आता आमच्याकडं चैत्रात हीटरला कोण विचारतो?

मार्गशीर्षात मात्र गरज पडली. आईला दमा. दर आठवड्याला पहाटे निघून तिला सोलापूरला डॉक्टरकडं न्यायचं, आणि गार वारं लागलं की तिचा खोकला थांबायचा नाही. मी ऐटीत कळ फिरवली. पंखा गरगरला, पण हवा कशी, तर आजारी माणसानं फुंकर घालावी तशी.

"बंद कर रं ते," आई म्हणाली. "त्यापरीस बाहेरचं वारं बरं."

मला लई लागलं ते. रेडिएटरात पाणी भरून पाहिलं, पंख्याची धूळ झाडली, रबरी नळ्या चाचपल्या. काही उपयोग नाही. मग एकटाच गाडी घेऊन नळदुर्गला करीमचाचांकडं गेलो. सगळे ट्रकवाले त्यांच्याकडंच गाड्या दुरुस्तीला आणायचे. चाचांनी इंजिनावरचं, पाण्याच्या नळीपाशी असलेलं झाकण उघडलं, आत बोट घालून पाहिलं आणि तोंडात पानाचा तोबरा असतानाच म्हणाले, "मालक, गाडीत थर्मास… न्हाय. हवा गरम कशी हुनार?"

"थर्मास?"

"व्हय. त्याच्याबिगर न्हाय जमत."

आता सांगा, राग येणार नाही? माझी आई खोकून बेजार, आणि हा माणूस मला चहाचा थर्मास घेऊन हिंडायला सांगतोय. मी म्हणालो, "चाचा, आम्ही खेड्यातले असू, पण इतके बावळट न्हाय." आणि पुढचं ऐकायला थांबलोच नाही.

घरी येऊन येसूमामांना सांगितलं. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. गावातली भांडणं तेच मिटवायचे.

"खरंच थर्मास म्हणाला?"

"दोनदा म्हणाला, मामा."

"मग विचारायलाच पायजे."

पुढच्या खेपेला मधे गोधडीत गुंडाळलेली आई, दाराशी मामा, असे आम्ही चाचांच्या दारात उभे. चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसले होते. बरं झालं, म्हटलं, साक्षीदार झाले. मी उतरून मोठ्यानं जाब विचारला.

चाचांनी पान थुंकलं. तेव्हा कुठं तो शब्द मी अख्खा ऐकला. "थर्मोस्टॅट, मालक. पितळी झडप असती. इंजिनातलं पानी तापस्तोवर अडवून धरती. ती न्हाय, म्हणून पानी तापतच न्हाय. मग हीटरला ऊब कुठनं?"

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. मी आणखी चढलो. "म्हणजे माझ्या गाडीतली झडप गेली. इंजिनावरचं ते झाकण तुमच्याशिवाय कुणी उघडलंय?"

ड्रायव्हरांच्या बश्या हातातच राहिल्या. चाचांचा चेहरा उतरला. "तीस वर्सं झाली इथं," ते हळू आवाजात म्हणाले. "चोर कुणी म्हनलं न्हवतं."

मामाही माझ्या बाजूनं उभे राहिले. "चाचा, खरं काय ते सांगा."

तेवढ्यात गाडीतून आईनं विचारलं, "केवढी असती ती झडप?"

चाचांनी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं. "येवढी गोल, आईसाहेब. मधी स्प्रिंग."

"मग ती आपल्या देवघरात हाय," आई मला म्हणाली. "उन्हाळ्यात गाडी उकळली तवा तूच की उपसून काढलीस. पान्याच्या वाटंत कुनीतरी बूच ठोकलंय, म्हनलास. मी तिच्यात उदबत्ती खोचती."

मामा माझी ओळख नसल्यासारखे रस्त्याकडं बघत राहिले.

पुढच्या आठवड्याच्या खेपेला आम्ही तिघं ती झडप घेऊन गेलो आणि मी चार माणसांदेखत माफी मागितली. चाचांनी तिच्यातली राख फुंकली, झडप बसवली आणि एवढंच म्हणाले, "चहा घ्या, मालक." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

निघालो. दोन-तीन मैलांत अशी ऊब सुटली, की आईनं गोधडी टाकली आणि मामांनी कोटाची बटणं सोडली.

"आता बंद कर," आई म्हणाली. "जीव घाबरा व्हायला लागला."

मी कळ फिरवली. ती उपटून हातातच आली.

"मागं फिरव," मामा म्हणाले. "चाचा नीट करून देतील."

"काही गरज न्हाय," म्हणालो, आणि पौषातल्या त्या थंडीत काचा खाली करून सोलापूरपर्यंत गाडी नेली.

डॉक्टरांनी आईची छाती तपासली आणि कपाळाला आठी घातली. "आज गार वाऱ्यात कुठं बसला होता, आजी?"

आईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्याच्या गरम गाडीत."