चौकटवालीचा खडक

सगळे तिला चौकटवालीच म्हणत. ओहोटी लागली की खांद्याला लोखंडी चौकट अडकवून ती किनाऱ्यावरच्या खडकांवर उतरायची. ठरलेल्या जागी चौकट टेकवायची आणि आतल्या शिंपल्यांचे, शेवाळाचे फोटो काढायची. कुठे काय वाढलं, काय मेलं, हे संशोधन केंद्राला कळवायचं. वर्षानुवर्षं हीच नोकरी.

एकदा शिंपल्यांचे पट्टेच्या पट्टे नाहीसे होऊ लागले. पाणी तापून मेले असते, तर रिकामी कवचं तरी उरली असती. इथे खडकच सोलून निघाला होता, आणि तिथून शिंपले काढायला तर सरकारी बंदी होती.

एका सकाळी धुक्यातून ठणठण ऐकू आली. दोघं जण पहारीने शिंपले उचकटून पोत्यात भरत होते. एक अनोळखी. दुसरा तिचा सख्खा धाकटा दीर.

"भावोजी, थांबवा हे."

"वहिनी, घरी जा. तुम्ही काही पाहिलं नाही."

"पाहिलंय. फोटोही काढलाय."

तो तिच्या गळ्यातल्या जलरोधक कॅमेऱ्यावर झेपावला. ती सोडेना, तशी त्याने पहार फिरवली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसऱ्या हाताने तिने चौकट उगारली आणि त्याच्या तोंडावर हाणली. दात पडले, शेवाळावर रक्त सांडलं. जोडीदाराने पोतं टाकून धूम ठोकली. दिराने तिला केसांना धरून डबक्यात दाबलं. ती त्याच्या अंगठ्याला कडकडून चावली.

भरतीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. लाटेने दोघांनाही खडकावर आपटलं. तिला कड सापडली. त्याचा पाय कपारीत अडकला आणि पाणी छातीपर्यंत चढलं.

"वहिनी! वाचवा!"

"बुडू दे मेल्याला, असं क्षणभर मनात आलं होतं," तिने पुढे नवऱ्याला सांगितलं. पण तिने तीच पहार कपारीत घातली आणि सगळा भार टाकून रेटली. पाय सुटला, कातडी तिथेच राहिली.

फोटो पोलिसांकडे गेले, दीर तुरुंगात. नवऱ्याने अबोला धरला.

सासू म्हणाली, "पोरगा वाचवलास खरा, पण दात पाडलेस की गं!"

"आई, थोडे शिल्लक ठेवलेत."

सोललेल्या जागी शिंपले परतले नाहीत, नुसतं हिरवं शेवाळ माजलं. वाकड्या जुळलेल्या हाताने ती त्याचेही फोटो काढते. परवा ती निघाली, तेव्हा नवऱ्याने न बोलता बूट चढवले आणि तिच्याबरोबर खडकापर्यंत चालत गेला.