अहेवनवमीचं दुसरं पान

गाडीनं शिट्टी दिली तरी आमचे हे फलाटावरून विचारतच होते, "पण पत्ता काय तिचा?" पत्ता नव्हताच. कृष्णाबाई, चौक गावाकडची, एवढंच माझ्यापाशी होतं. ह्यांनी कपाळाला हात लावला आणि केळ्यांची फणी खिडकीतून आत दिली. लढाईच्या दिवसांत बायकोमाणसानं एकटीनं कर्जतकडे निघायचं म्हणजे काहीतरीच, असं चाळीत चार जणींनी बोलून दाखवलं होतं. मी म्हटलं, यमाच्या दारातून परत आलेल्या बाईला कर्जतची कसली भीती?

खरंच मी परत आले होते. काही वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टरांनी तपासून कॅन्सर सांगितला, तोही झपाट्यानं पसरणारा. सगळा स्तन आणि काखेतलं मांस काढावं लागेल, मग विजेच्या किरणांचे शेक, आणि एवढं करूनही हमी नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी हो म्हटलं. शूर होते म्हणून नव्हे. धाकटीला अजून वेणीसुद्धा घालता येत नव्हती, म्हणून. तेव्हापासून डावा हात सुजलेला. कासार येतो तेव्हा मला दोन हातांना दोन मापांच्या बांगड्या मागाव्या लागतात आणि तो दर वेळी चकित होतो.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता दर तीन महिन्यांनी यायची गरज नाही, वर्षातून एकदा तोंड दाखवा. बाहेर आले, पायरीवर बसले आणि रडले. घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी पेढे आणले. पण मला ही गोष्ट सांगायची होती ती कृष्णाला. दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या. तिलाही तसलीच गाठ. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तोंडानं फटकळ. नर्सची नक्कल अशी करायची की टाके नसतानाही पोट दुखायचं. रात्री हळूच सांगायची, "आमच्याकडं या. भादव्यात भात दुधावर आलं ना, की बांधावरनं चालताना वास येतो. माहेरचा येतो तसा." माझं ऑपरेशन आधी झालं. मला ताप भरला, दुसऱ्या खोलीत हलवलं. परत आले तेव्हा तिच्या खाटेवर भलतीच बाई. कृष्णाला तिच्या माणसांनी ऑपरेशन न करताच घरी नेलं, असं कळलं. तिला अक्षर येत नव्हतं, मला तिचा नीट पत्ता माहीत नव्हता. इतकी वर्षं मी तिच्यावर रागावले होते आणि तिची वाट पाहत होते.

कर्जत आलं. घाट चढवायला आमच्या गाडीला मागून आणखी इंजिन जोडत होते, त्या गडबडीत मी उतरले. स्टेशनाबाहेर चहा घेतला. रेशनच्या साखरेचा असावा, कारण गोडाची आठवण तेवढी होती. चौकाची मोटार कोळशाच्या वायूवर चालणारी, मागे भलंमोठं धुराडं बांधलेलं. चढ आला की सगळ्या पुरुषांनी उतरून ढकलायची. मी काळ्याकुट्ट तोंडानं चौकात उतरले.

चौक म्हणजे मुंबई-पुण्याच्या सडकेवरचा मुक्काम. दोन हॉटेलं, मोटारी दुरुस्त करणारे, टायरांचे ढीग. इब्राहिमचाचा नावाचे वृद्ध मिस्त्री एका ट्रकखालून बाहेर आले. कृष्णाचं माहेर त्यांच्या शेजारीच होतं. भाऊ गिरणीत कामाला मुंबईला गेला, घर मोडलं. कृष्णा आणि तिची धाकटी बहीण, दोघी कर्जतजवळच्या कडावला एकाच घरात दिलेल्या, थोरल्याला थोरली, धाकट्याला धाकटी. मी विचारलं, थोरली बरी आहे ना? चाचांनी पाना फडक्यानं पुसायला घेतला. "कडावला जावा, बाई. तिथंच विचारा." त्यांनी घरात सांगून मला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढायला लावली. मी खाल्ली, पण ते पाना पुसणं काही डोळ्यांपुढून जाईना.

परत कर्जतला यावं लागलं. रात्र स्टेशनावरच्या बायकांच्या खोलीत काढली आणि सकाळी कडावची बैलगाडी धरली. रस्ता असा की माझ्या चोळीतली कापसाची घडी, जी मी डाव्या बाजूला भरते, ती घसरत घसरत पोटावर आली. गाडीवान पुढे बघत होता हे नशीब. पदराआड ती जागेवर बसवताना मला हसू फुटलं. हे कृष्णाला सांगितलं असतं तर ती गाडीतून खाली पडली असती.

आणि मग दोन्ही बाजूंना भात सुरू झालं. पाऊस नुकता उघडला होता, मागे माथेरानचा डोंगर धुतलेला. लोंब्या बाहेर पडत होत्या. मी एक दाणा नखानं दाबला तर पांढरा थेंब आला. वास खरंच होता. कोवळा, ओला, न्हाऊन आलेल्या तान्ह्या मुलाच्या डोक्याला येतो तसा. मला इतकी आठवण आली तिची, की गाडीवानाला म्हटलं, जरा हाक रे बाबा लवकर.

घर सापडलं. दारातच एक म्हातारी कुणाची तरी वाट पाहत उभी. ती कृष्णाची सासू. माझ्या कपाळाकडे आणि गळ्यातल्या मंगळसूत्राकडे पाहून तिचा चेहरा उजळला. मी विचारलं, कृष्णाबाईंचं घर हेच ना, आहेत का त्या?

"तिच्याच नावाचं जेवान हाय आज," म्हातारी म्हणाली. "अहेवनवमी ना. भावकीत पोर झालं, तवा शेजारची सवाष्ण सोयरात अडकली. देवानंच धाडलं तुमाला. बसा."

अहेवनवमी म्हणजे पितृपक्षातली नवमी. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात. मी ओटीवर बसले, आणि कुणीतरी माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. मी कोण, कुठली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही आणि सांगायची शुद्ध मला नव्हती. गेली. माझी कृष्णा गेली होती.

आत दोन पानं मांडली होती. भात, वरण, अळूची भाजी, वडे, खीर. एका पानावर सुतारीण बसली होती, दुसऱ्यावर मला बसवलं. नको म्हणायची सोय नाही; त्या दिवशी सवाष्ण उठून गेली तर गेलेली बाई उपाशी राहते असं मानतात. मी कसाबसा घास घेतला. मग विचारलं, दोन पानं कशी, घरातल्या दोघी गेल्या का?

"एक किसनाचं," म्हातारी वाढता वाढता म्हणाली, "आन् तुमी बसलाव ते तिच्या दवाखान्यातल्या मैतरनीचं. वच्छीबाई म्हनून होती मुंबईची. तिला कापली, आन् ती मेली. तिचं घरचं कोन करतं का नाय, म्हनून किसना करायची. ती गेली, तवापास्नं मी करते."

माझं नाव वत्सला. दवाखान्यात कृष्णा मला वच्छीबाई म्हणायची.

हातातला घास मी पानात ठेवला. म्हातारी सांगत होती. माझी खाट रिकामी झाली, गादी उन्हात टाकली, ते कृष्णानं पाहिलं. गावाकडे माणूस गेलं की अंथरूण बाहेर काढतात, तसंच ते, असं तिनं धरलं. कुणाला विचारलं नाही. त्याच संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, कापून मरायचंच तर घरी मरते. दोन वर्षं काढली. शेवटी शेवटी फार हाल झाले.

वाढायला कृष्णाची धाकटी बहीण सरू होती. ताईसारखेच डोळे. मघापासून मला काहीतरी खुपत होतं, ते आता कळलं: एका हातानं वाढत होती आणि दुसऱ्या हातानं पदर छातीशी दाबून धरत होती. मीही तसाच धरायची, गाठ लागल्यावर. मी म्हातारीकडे पाहिलं. ती म्हणाली, "व्हय. हिलाबी आली हाय. पर मुंबईला न्यायचं नाय. कापल्यावर काय व्हतं त्ये आमी बघितलंय."

मी गप्प बसले असते तर त्यांना कधीच काही कळलं नसतं. कृष्णाचं मरण देवानं नेलं म्हणून त्यांनी पचवलं होतं. मी तोंड उघडलं की ते मरण पुन्हा कच्चं होणार होतं. पण सरू माझ्या पानात खीर वाढत होती.

"आई," मी म्हटलं, "ती वच्छीबाई मीच."

सुतारीण पानावरून मागे सरकली. म्हातारीनं माझ्या सुजलेल्या हाताला बोट लावून पाहिलं, मग दंडाला, मग गालाला. जेवण अर्धं टाकून मी सरूला घेऊन जात्याच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि चोळी सोडली. सात वर्षांत माझ्या नवऱ्याखेरीज कुणी ते पाहिलं नव्हतं. सपाट छाती, काखेपर्यंत गेलेला वण, किरणांनी काळवंडलेली कातडी. सरूनं तळहात त्यावर ठेवला.

"दुखतं?"

"तेव्हा फार दुखलं. आता पाऊस यायच्या आधी ओढ लागते, बस. जेवते, भांडते, बैलगाडीत बसून कडावला येते."

ती रडली नाही. माझी चोळी तिनंच बांधून दिली.

बाहेर म्हातारी खांबाला टेकून बसली होती. तिचा प्रश्न मला ठाऊक होता आणि तो टळावा असं फार वाटत होतं. "म्हंजी माजी किसना जगली असती?"

खोटं बोलणं सोपं होतं, दोन्ही बाजूंनी. मी म्हटलं, माहीत नाही. माझ्याबरोबर कापलेल्या किती तरी जणी गेल्या. मी का राहिले ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण तिला एक वाट होती, ती तिनं माझ्यामुळे सोडली. म्हातारी खांबाला धरून उठली. मग तिनं धाकट्या मुलाला, सरूच्या नवऱ्याला, हाक मारली आणि सकाळची गाडी जुंपायला सांगितलं. पक्ष संपू दे, मग जाऊ, असं तो म्हणाला. "पितर थांबतील," म्हातारी म्हणाली. "गाठ थांबत नाय."

सकाळी सरू, तिचा नवरा आणि मी निघालो. म्हातारी बांधापर्यंत आली. माझ्या उष्ट्या पानाचं काय करावं हे तिला रात्रभर कळलं नव्हतं; जित्या बाईचं पान कावळ्याला ठेवता येत नाही. शेवटी गाईला घातलं. मला म्हणाली, पुढल्या साली या, किसनाच्या पानावर बसा. आता या घरात एकच पान मांडीन.

परतीच्या गाडीत सरू खिडकीशी बसली होती. ती पहिल्यांदाच आगगाडीत बसली होती आणि ऑपरेशनाऐवजी ती मला बोगद्यांबद्दल विचारत होती. मी तिच्या ताईला सांगायला निघाले होते की मी जगले. ते सांगायला मिळालं नाही, आणि आता जन्मभर मिळणार नाही. ही हुरहुर माझ्याबरोबरच जाईल.

सरूचं ऑपरेशन झालं. शेक चालू आहेत. डॉक्टर मान हलवतात, हो की नाही ते कळू देत नाहीत. मी रोज दुपारी डबा घेऊन जाते आणि ती मला नर्सची नक्कल करून दाखवते, ताईइतकी नाही जमत. पुढच्या भादव्यात आम्ही दोघी कडावला जायचं ठरवलंय. म्हातारीला तिथं एकच पान मांडावं लागू दे, दुसरं नको, एवढंच मी रोज दिव्यापुढे मागते.