कोरम चौघांचा

आमच्या खोलीतलं घड्याळ कुवेतच्या घड्याळापेक्षा तासभर पुढे चालायचं. तो अध्यक्षांचा हुकूम होता. अब्बासियातल्या त्या बिऱ्हाडात आम्ही पाच जण, आणि अध्यक्ष म्हणजे वेंगुर्ल्याकडचे एक वेल्डर. साइटवरचा त्यांचा फोरमन अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी जमातीचा होता. आमची स्वतःची कौन्सिल आहे, कोर्टं आहेत, असं त्याने चहाच्या सुट्टीत सांगितलं. भोवतालचं राज्य उन्हाळ्यात घड्याळाला हात लावत नाही, तरी नवाहो ते पुढे करतात, हेही सांगितलं. अध्यक्ष त्याच संध्याकाळी स्टुलावर चढले.

"अहो, इथे कोणीच घड्याळ पुढे करत नाही," मी म्हणालो.

"कोणी करीत नाय म्हणानच आपण करूचा!"

तेव्हापासून आम्ही कंपनीच्या बसला तासभर आधी जाऊन उभे राहू लागलो.

नवाहोंच्या प्रत्येक वस्तीची सभा भरते, तशी आमचीही दर शुक्रवारी भरे. कोरम चौघांचा. तिकडे माणसं जमावीत म्हणून जेवण ठेवतात असं कळल्यावर आमच्याकडे कोंबडी-वडे सुरू झाले. सभेत बोलायचं तर आधी ओळख द्यायची, नवाहो आपली कुळं सांगतात तशी. आपल्याला कुळं कुठली माहीत, म्हणून गावं. "आधी आवशीचो गाव, मगे बापाशीचो, मगे दोन्ही आजोबांचे. तुझा नाव शेवटाक." मी पुण्याचा, मला हा पोरखेळ वाटला. मी फक्त आडनाव सांगितलं. अध्यक्षांनी वहीत माझ्यापुढे 'निरीक्षक' असं लिहिलं. निरीक्षकाने वडे खायचे, पण त्याला कोरममध्ये धरायचं नाही.

मग खोलीतले बाबल आणि त्याचा चुलतभाऊ सुऱ्या भांडले. सुऱ्याने बाबलच्या अंघोळीच्या बादलीत सुके बांगडे भिजत घातले होते. एकाच दुमजली खाटेवर वर-खाली झोपणारे दोघे पंधरा दिवस माझ्यामार्फत बोलत होते. अध्यक्षांनी नवाहोंसारखं दोघांना समोरासमोर बसवलं. एकाचं संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. दुपारपर्यंत बांगडेच चालले होते. मग बाबल एकदम रडला. सुऱ्या रजेवर गावी गेला होता, पण बाबलच्या आजारी आईला भेटला नव्हता. बादलीचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

आमच्यातला पाचवा, पांडू, रजेवर गेला तो परतलाच नाही. पुढे अध्यक्षांचंही कंत्राट संपलं. निघायच्या दिवशी त्यांनी 'अध्यक्षांना जाण्यास परवानगी' एवढ्या एकाच विषयावर सभा बोलावली. आम्ही तिघे जाऊन जिन्यात बसलो. कोरम नाही तर ठराव नाही, आणि ठरावाशिवाय हा माणूस हलणार नाही, याची आम्हाला खात्री होती. गाडी पाचला येणार होती. आतल्या घड्याळात पाच वाजून गेले, गाडी आली नाही, आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. घड्याळ पुढे आहे हे जरा उशिरा आठवलं.

तासाभराने खाली हॉर्न वाजला. दार उघडंच होतं. अध्यक्ष बॅगेवर बसून मांडीवरच्या वहीकडे बघत होते.

बाबल उठला. "गावाक गेल्यार तुझ्या आवशीक पयलो भेटतलंय, असा अध्यक्ष म्हणालेत," तो पुटपुटला आणि आत गेला. मागोमाग सुऱ्या. तिघे झाले.

मीही आत गेलो. "आईचं गाव निपाणी," मी म्हणालो. "वडिलांचं वाई. आईच्या वडिलांचं चंदगड. वडिलांच्या वडिलांचं मेढा." शेवटची दोन गावं मी कधीचीच आईला फोन करून विचारून ठेवली होती. मग माझं नाव सांगितलं.

अध्यक्षांनी 'निरीक्षक' खोडलं. मला फार रडू आलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बसच्या थांब्यावर तासभर आधी उभे होतो. उन्हाळा संपलाय, घड्याळ मागे घ्यायला हवं. पण त्याला सभेचा ठराव लागतो, आणि कोरम चौघांचा आहे.