शेफालीमावशीचा प्लॅस्टिकमधला कागद

तुमच्या आईला कुणी कधी विचारलंय का, की तू इथली कशावरून? शेफालीमावशीला मरेपर्यंत विचारत होते. मागच्या महिन्यात मी भिलाईजवळच्या कुम्हारीच्या बसथांब्यावर संघटनेची पत्रकं वाटत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. "मावशी गेली वं… लोकाच्या मोरीत भांडे घासता घासता." पत्रकावर ठळक छापलं होतं, 'सन्मानाने जगण्याचा हक्क'. उरलेला गठ्ठा मला हातात धरवेना.

मावशी लहानपणी आईचं बोट धरून पूर्व बंगालातून आली. रायपूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत वाढली, लग्न होऊन भिलाईत आमच्या शेजारी आली. चोरून नव्हे, सरकारनेच नोंद करून वसवलेली. नवरा ठेकेदाराकडे मजूर, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. आमची नागपुरी बोली ती माझ्या आईकडून शिकली, मला मात्र, बंगालीत लेकीला म्हणतात तसं, 'मा' म्हणायची. छावणीतला एकच कागद तिच्याकडे होता. त्यावर नाव, वय आणि जांभळ्या शिक्क्यात नोंदणी क्रमांक. तांदळाच्या डब्यात, कडुलिंबाच्या पानांत ठेवलेला.

आमच्या बौद्ध घरात देव नाहीत, कागद आहेत. बाबांचं विदर्भातलं जातीचं प्रमाणपत्र आम्हा पोरांसाठी इथे छत्तीसगडात चालत नाही, तरी ते लॅमिनेट करून भिंतीवर टांगलंय. मावशीने वृद्धापकाळ पेन्शनचा अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा वयाचा पुरावा म्हणून मी मोठ्या प्रेमाने तिचाही कागद लॅमिनेट करून आणला. मशीनच्या उष्णतेने शिक्का पसरला… क्रमांकाचा नुसता डाग झाला.

"माताजी, ये तो धब्बा है. नया बनवाके लाओ," कचेरीतला बाबू म्हणाला.

"कहाँ से, बेटा? कैंप तो कब का उठ गया."

मी मतदार कार्ड पुढे केलं. त्यातलं वय अंदाजे लिहिलंय, बाबू म्हणाला. म्हणजे तिचं मत चालत होतं, म्हातारपण चालत नव्हतं.

मी पायऱ्यांवर बसून रडले. तिने माझी वेणी ओढली. "कावून रडून राहिली, मा? कागद होय म्हणून. भांडं असतं तं मी घासून चमकवून देलं असतं!"

तीन खेपा झाल्या. तिन्ही वेळा तोंडी नकार, आणि पुढच्या सकाळी सुजलेल्या गुडघ्यांनी ती पुन्हा भांड्यांना. पेन्शन मिळाली असती तर ती घरी बसली असती, तिला एवढंच हवं होतं. मी, पत्रकं वाचत मोठी झालेली, हक्कांवर पानंच्या पानं लिहिणारी, एकदाही त्या बाबूला म्हटलं नाही की नकार लेखी द्या. लेखी असता तर वर अपील करता आलं असतं. शिक्का मी घालवला, हे तिने हसून सोडून दिलं. हे दुसरं मला सोडत नाही.

तिचा डबा आता आमच्याकडे आहे. परवा उघडला. कागद तसाच, प्लॅस्टिकमध्ये, आणि खाली-वर कडुलिंबाची पानं. प्लॅस्टिकला कसर लागत नाही गं, मी तिला कितीदा सांगितलं होतं. तरी ती पानं बदलत राहिली… वरची काही अजून हिरवट आहेत.

तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला उद्या विचारा, पेन्शन मिळते का? नसेल मिळत, तर तिच्यासोबत कचेरीत जा. आणि नाही म्हणाले, तर ते 'नाही' कागदावर घेतल्याशिवाय उठू नका.