ग्लास उचलण्याचा मान

आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये एकच कायदा होता: ज्याचा ग्लास त्यानं उचलायचा आणि मोरीजवळच्या टबात टाकायचा. विसरलात, तर कँटीनवाले काका असं काही बोलत की पुढच्या तीन पिढ्या हातात ग्लास धरूनच जन्माला याव्यात. मी कोथरूडच्याही पल्याडच्या खेड्यातला, पहिल्याच दिवशी विसरलो. "सरकार, हुजरे मागून येतायत का?" एवढंच म्हणाले. मी आठवडाभर जेवलो नाही. बरं, दोन तास जेवलो नाही.

वर्गात मेक्सिकोहून आलेली एक मुलगी होती. वर्षभरात तिचं मराठी इतकं सुधारलं की माझं 'आहे'च्या जागी 'हाय' ऐकून ती कपाळावर हात मारून घेई. पण तिचा ग्लास काका स्वतः उचलत. ती दारात दिसली की खुर्ची पुसून पुसून तिचा मूळचा रंग वर आणत. "आपण बसा, मॅडम."

एक दिवस ती म्हणाली की सुट्टीत घरी जाईन ती परत येणारच नाही. "वर्ष झालं, काका मला एकदाही बोलले नाहीत. मी अजून पाहुणीच आहे."

हात्तिच्या! बोलणी खायची एवढंच ना? त्यात आपण उस्ताद. माझ्या सल्ल्यानं तिनं खुर्चीवर पाय पसरले; काकांनी उशी आणून दिली. दुपारी एकनंतर, काकांच्या वामकुक्षीच्या वेळी, कँटीनच्या बंद दारावर आम्ही धडका मारल्या. काकांनी तिला आत घेतलं, मला बाहेर ठेवलं.

सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात हार मानून आम्ही मिसळ मागवली. पहिला घास घेऊन ती अगदी सहज म्हणाली, "काका, ही तिखट नाही हो."

पंखा थांबला. रस्त्यावरची बससुद्धा थांबली, शपथेवर सांगतो. तिथं बसथांबा होता, ती गोष्ट अलाहिदा.

"तीस वर्षं लोक ही खाऊन रडतायत," काका म्हणाले. "तुम्हाला लागत नसेल तर जीभ दाखवा कुणाला तरी. आणि उठताना ग्लास उचला, इथं कुणी रिकामं बसलेलं नाही."

विसर्जनाला गणपती न्यावा तसा तिनं तो ग्लास दोन्ही हातांनी टबापर्यंत नेला. डोळे भरून आले होते. काकांना वाटलं, मिसळ उशिरा चढली. ते जरा सुखावले.

सुट्टी संपली आणि ती परत आली, पिशवीभर तिकडच्या वाळक्या मिरच्या घेऊन. काकांनी ऐटीत एक चावली आणि खुणेनंच पाणी मागितलं. तिनं ग्लास भरून पुढे ठेवला.

"प्या," ती म्हणाली, "पण उठताना तुमचा तुम्ही उचला."