मूठमूठ आवाज

हळूकाकूंचं बोलणं ऐकायचं म्हणजे आधी कूलर बंद करावा लागे. त्या घरात आल्या की माझी बायको सुनंदा न बोलता उठायची, कूलरचं बटण बंद करायची आणि समोर बसून म्हणायची, "हं, बोला काकू." नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, कूलर बंद करून कोणाचं ऐकून घेण्यात किती माया असते हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नागपूरच्या बेसा भागात आमची चार मजली बिल्डिंग आहे. काकू तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. हळूकाकू हे नाव बिल्डिंगमधल्या मुलांनी ठेवलं होतं. काकूंना ते माहीत होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. सुनंदा म्हणायची, हरकत असती तरी ती कोणाला ऐकू गेली नसती.

काका होते तोवर हे कोणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. काकांचा आवाज खणखणीत. दोघांना मिळून एक आवाज पुरतो असं त्यांचं गणित असावं. दूधवाल्याशी, ऑटोवाल्याशी, डॉक्टरांशी तेच बोलायचे. डोकं काकूंचं दुखायचं, आणि "हिचं डोकं दुखते" हे काका सांगायचे. मग एका हिवाळ्यात काका गेले, आणि त्या घरातून बाहेर आवाज येणंच बंद झालं.

हा आवाज मूळचा असा नव्हता. "माहेरी मी ज्वारीतली पाखरं हाकलायची वं," त्यांनी एकदा सुनंदाला सांगितलं. "दुसऱ्या शिवारात ऐकू जाये." लग्न होऊन त्या पारशिवनीकडच्या एका गावात आल्या. तिथे घरात भासरे होते, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि स्वयंपाकघरातला आवाज ओसरीपर्यंत जाऊ द्यायचा नाही, ही रीत. भासरे बहुतेक ओसरीवरच बसलेले असत. काकूंनी तेव्हा आवाज जो खाली उतरवला, तो नागपूरला बिऱ्हाड आल्यावरही वर चढला नाही. "रागावले कधीच नाही ते," काकू भासऱ्यांबद्दल सांगायच्या. "मी तशी वेळच नाही येऊ दिली."

काकांच्या मागे त्यांच्या वाटणीचं वावर काकू आणि त्यांचा मुलगा सागर यांच्या नावावर आलं. गावातलाच एक माणूस ते शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, वाहत होता. सागर हैदराबादला नोकरीला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "आई, तिकडे कोण पाहणार? तुला जमणार नाही. दिवाळीत येतो, विकून मोकळं होऊ." सागर वाईट मुलगा नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो. रोज संध्याकाळी आईला फोन करणारा मुलगा होता तो. पण काकूंना वावर विकायचं नव्हतं. "इथं मी नुसती राहते, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "तिथं मले काम असते." कायद्यानं बाजू त्यांचीच होती. त्यांच्या सहीशिवाय व्यवहार होणार नव्हता. अडचण एवढीच होती की आयुष्यात त्यांनी कोणालाही 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

पावसाळा सुरू झाला तेव्हा त्या पहिल्यांदा एकट्या गावाला निघाल्या. कन्हानपर्यंत बस, पुढे काळीपिवळी. काळीपिवळी म्हणजे माणसं दाबून भरलेली जीप. आपला फाटा आला की आतून ओरडायचं, मग ड्रायव्हर थांबवतो. काकूंना मागची सीट मिळाली होती आणि पुढे गाणी लागली होती. फाटा जवळ आला तशा त्या म्हणाल्या, "थांबवा." फाटा गेला. पारशिवनीला सगळे उतरले तेव्हा त्याही उतरल्या आणि परतीच्या गाडीत बसल्या. फाटा पुन्हा आला, काकू पुन्हा "थांबवा" म्हणाल्या, फाटा पुन्हा गेला. संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा गावच्यांसाठी नेलेला चिवडा पिशवीत तसाच होता.

"जाताना पण दिसलं वावर, येताना पण दिसलं," त्या म्हणाल्या. "पऱ्हाटी चांगली निघून राहिली." कपाशीचं म्हणत होत्या त्या.

मी हिशेबाच्या कामातला माणूस. मला कमी खर्चाचा मार्ग लगेच दिसतो. म्हटलं, "काकू, त्यात काय? शेजारच्याला सांगून ठेवायचं. तो ओरडेल."

काकूंनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "दुसऱ्याच्या तोंडानं किती दिवस जेवू, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीतलं पाणी पाहायला मी गच्चीवर गेलो. काकू कठड्याशी उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, समोर रिकामे प्लॉट. "थांबव गा!" त्या म्हणाल्या. आवाज फार तर चहाच्या टेबलावर पुरेल इतका. मला पाहून लाजल्या.

"कोणाला थांबवून राहिल्या, काकू?"

"कोणालेच नाही. रोज सकाळी एकदा म्हणणार आहे."

"एकदा म्हणून काय होते? आल्यासारखं दहा-वीस वेळा म्हणा. लवकर फरक पडेल."

"जात्यात मूठच टाकतात, भाऊ," काकू म्हणाल्या. "पायली ओतली तर जातं अडकते."

त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. रोज एक मूठ. जास्त टाकायची नाही आणि चुकवायची नाही. पाऊस असला तर छत्री घेऊन वर जायच्या. एकदा ताप भरला तेव्हा पांघरुणातून सुनंदाला म्हणाल्या, "खिडकी उघड वं जरा," आणि खिडकीच्या दिशेनं ओरडल्या. खालून कोणीतरी विचारलं, काय झालं? सुनंदा म्हणाली, "काही नाही, काकूंचं औषध चालू आहे." जिन्यात भेटल्या की मला सांगायच्या, "आजची मूठ टाकली." मला ते हजेरी दिल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचं.

गच्चीनंतर भाजीवाल्याची पाळी आली. आमच्याकडे येणारा भाजीवाला आता स्वतः ओरडत नाही. गाडीवरचं भोंगं ओरडतं. त्या भोंग्याच्या वर आवाज काढायचा होता. काकू बाल्कनीतून हाक मारायच्या आणि गाडी पुढे निघून जायची. एकदा गाडी थांबली. भाजीवाल्यानं मान वर केली. "काकूजी, तुम्हीच होत्या काय? मले वाटलं कबूतर घुमून राहिलं!" सगळी बिल्डिंग हसली. काकूही हसल्या. पण अर्धा किलो भेंडी घेऊन वर येताना मला म्हणाल्या, "कबूतर तर कबूतर. थांबला ना?"

मला अंदाज चालत नाही, मोजमाप लागतं. काकूंचा आवाज मी मजल्यांवर मोजत होतो. पोळ्यापर्यंत तो तिसऱ्यावरून आमच्या दुसऱ्यावर येऊ लागला. गणपतीत पार्किंगपर्यंत. याच सुमारास किराणा दुकानात एक माणूस त्यांच्या पुढे घुसला. "माझा नंबर होता," काकू म्हणाल्या. तो मुकाट्यानं मागे सरला, तर काकूच गडबडल्या. "लेकरासाठी दूध न्यायचं होतं त्याले," त्या सांगू लागल्या. "मग मीच म्हटलं, घे बाबा तू आधी." सुनंदानं कपाळाला हात लावला.

आणि मग एके दिवशी त्यांनी काळीपिवळी थांबवली. घरी न जाता थेट आमच्याकडे आल्या, चप्पल न काढता दारातूनच सांगू लागल्या. "ड्रायव्हर म्हणते, काकू, इतक्या जोरात काहून ओरडल्या? मी घाबरून ब्रेकच दाबला!" त्या दिवशी पिशवीत चिवडा नव्हता, वावरातल्या चवळीच्या शेंगा होत्या.

एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना सागरचा फोन आला. कन्हानचं एक चांगलं गिऱ्हाईक होतं. मोठे काकाजी, म्हणजे काकूंचे भासरे, स्वतः बोलणी करत होते. "मग ठरवू ना, आई?"

काकू म्हणाल्या, "पाहून घे तू."

आमच्याकडच्या बायका 'नाही' हा शब्द टाळायचा असला की असंच म्हणतात. पाहून घे. बघू मग. तुम्ही म्हणाल तसं. ऐकणारा त्याला होकार समजतो. सागरनेही तेच केलं आणि दिवाळीनंतरचा दिवस ठरवून टाकला.

काकू आमच्याकडे येऊन रडल्या. "परक्या माणसापुढे आवाज निघते, भाऊ. पोरापुढे नाही निघत. आणि भासऱ्यांचं नाव ऐकलं की हात आपोआप डोक्यावर पदर घेते. फोनवर होती मी, तरी घेतला!"

सुनंदाला त्यांची दया आली की ती चिडते. "मग कशाला गच्चीवर जाता उद्यापासून?" ती म्हणाली. "काळीपिवळी थांबते तुमच्यानं. वावर चाललं, ते थांबत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकी पाहायच्या निमित्तानं वर गेलो. निमित्तच होतं ते. टाकी भरलेली होती. काकू नेहमीच्या जागी उभ्या होत्या. फक्त शब्द बदलला होता. "नाही," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा चहाच्या टेबलाएवढा. सगळी कमाई गेली असं मला वाटलं. काकूंना तसं वाटलं नसावं. त्यांनी ते जात्यातलं नवीन धान्य मानलं आणि पहिल्या मुठीपासून सुरुवात केली.

दिवाळी झाली. कागद पाहायला सोबत चला, अशी सागरनं मला विनंती केली म्हणून माझ्याच गाडीनं आम्ही तिघं निघालो. वावरात कापूस फुटला होता आणि बाया वेचायला लागल्या होत्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, निंबाच्या सावलीत भासरे बसले होते. खूप थकलेले, हातात काठी. गिऱ्हाईक मोबाइलवर नकाशा लावून चतुःसीमा पाहत होतं. काकू आमच्यापासून दूर, वेचणाऱ्या बायांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर.

बोलणी झाली. भासरे म्हणाले, "मग पक्कं समजा."

काकूंनी काहीतरी म्हटलं. ओठ हललेले मला दिसले, ऐकू कोणालाच आलं नाही. गिऱ्हाईक हसत हसत सागरच्या हातात हात देत होतं. माझ्या मनात आलं, हाही फाटा गेला.

"नाही!"

वेचणाऱ्या बाया ओणव्याच्या सरळ झाल्या. काकू दोन पावलं पुढे आल्या होत्या.

"मी सही करत नाही, दादाजी. वावर विकायचं नाही."

"आई," सागर म्हणाला, "फोनवर तर तू..."

"फोनवर मी म्हटलं, पाहून घे. पाह्यलं ना तू? आता मी सांगून राहिली."

गिऱ्हाईकानं मोबाइल खिशात ठेवला. भासऱ्यांनी काठीवर हनुवटी टेकली आणि बराच वेळ काकूंकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनी तो चेहरा नीट पाहिलाच नसेल. "वाहीन कोण?" त्यांनी विचारलं.

"आता जो वाहते तोच. मी येत जाईन."

"एकटी?"

"एकटीच येते, दादाजी. तीन-चारदा येऊन गेली मी."

"मले नाही सांगितलं कोणी."

"तुम्ही ओसरीवर होते. मी मागच्या दारानं गेली."

भासऱ्यांना हसू आलं की ठसका लागला, ते मला कळलं नाही. ते काठीच्या आधारानं उभे राहिले. धुऱ्यावर प्लास्टिकची एकच खुर्ची होती. ती त्यांनी काठीनंच काकूंकडे ढकलली. "बस," ते म्हणाले. "वावर तुहं आहे तर उभी काहून राहते?" भासऱ्यांसमोर भावजयीनं बसायचं नसतं. वेचणाऱ्या बाया हातातला कापूस हातात धरून पाहत राहिल्या.

सागर थोडे दिवस रुसला. आता फोनवर आधी कापसाचं विचारतो आणि मग तब्येतीचं. काकू गेल्या वर्षापासून गावीच राहतात. तिसऱ्या मजल्यावर भाडेकरू आले आहेत, चांगली माणसं आहेत. सुनंदा पन्नाशीत स्कूटी शिकली. पहिल्या दिवशी फक्त गेटपर्यंत, दुसऱ्या दिवशी पानठेल्यापर्यंत. मी तिला पद्धत विचारली नाही.

वावरातून परत येतानाचं मात्र सांगायचं राहिलं. सागर पुढे माझ्या शेजारी बसला होता आणि खिडकीबाहेर पाहत होता. काकू मागे. कन्हानचा पूल गेला. मग मागून आवाज आला.

"म्हातारा माणूस उभा राहिला माझ्यापायी. ते काही बरं नाही झालं, भाऊ."

मी आरशात पाहिलं. काकूंचे डोळे भरले होते, आणि पदर खांद्यावर होता.

"पण बसली मी," त्या म्हणाल्या.