न हललेले खांदे

आमच्या चर्चच्या गायनमंडळात खालच्या पट्टीत गाणाऱ्या आम्हा सात बायकांना सांभाळायला यंदा एक पगारी बाई नेमली आहे. वीस वर्षं ते काम मी केलं, बिनपगारी. पाळकसाहेब म्हणाले, “मावशी, तुमची सेवा देव बघतोय. हिला मात्र मानधन द्यावं लागेल.” म्हणजे हिची सेवा देवाला दिसत नसावी.

रविवारी ती माझ्या जागी उभी राहिली आणि मी शेजारी. आमच्यातल्या कुणालाच स्वरलिपी वाचता येत नाही. ओळ उचलण्याआधी मी श्वास घेते, माझे खांदे किंचित वर जातात, आणि ते बघून बाकीच्या सुरू होतात. पहिल्याच गीताला मी खांदे हलवले नाहीत. ती एकटीच गायली, अगदी सुरात. सहाजणी माझ्याकडे बघत गप्प.

माणूस इतकी वर्षं काय देत होता, ते त्यानं देणं थांबवल्यावरच ऐकू येतं. मला ते फार गोड ऐकू आलं.

शेवटी प्रभूची प्रार्थना गायची होती. अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ जवळ आली, तसं पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं.

खांदे जिथल्या तिथे ठेवले.